यांच्यासारखं बोलणं

जऊळका,
१८ नोव्हेंबर २०१८

आदरणीय ललिताबाई यांना,

दुर्गाचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं आहे. रवी हसतो. म्हणतो, पोस्टमनला आता तुम्हा नणंद-भावजयांचंच काम उरलं आहे.

इकडे सोयाबीन निघालं, तुरीला फूल धरलं. रवीची मंगरूळपीरच्या कचेरीतली नोकरी चालू आहे. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. निकिताचं शिवणाचं मशीन दिवसभर चालतं. सुनेच्या मशीनच्या आवाजात मला पुस्तक वाचायची सवय झाली आहे. ते बंद पडलं की उलट लक्ष उडतं.

एक काळजीची गोष्ट लिहिते. धम्मदीपाच्या शाळेतल्या बाईंनी निकिताला बोलावून घेतलं होतं. पोरगी तिसरीत आहे, वाचन चांगलं, गणितात पुढे, पण तिचं बोललेलं कळत नाही म्हणाल्या. शब्द एकमेकांत मिसळतात. लांब शब्द आला की तोंड उघडून थांबते. वर्गातली पोरं हसतात म्हणून तिनं हात वर करणं सोडलं. अकोल्याला नेऊन दाखवा म्हणाल्या. मी निकिताला म्हटलं, मला तर तिचा शब्दन् शब्द कळतो. तर सून म्हणाली, आई, तुम्हाला कळतो म्हणूनच आम्ही इतके दिवस स्वस्थ बसलो.

तुम्हाला आठवत असेल, यांना लकवा झाला तेव्हा ही दोन वर्षांची होती. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. बस फाट्यावर यायच्या आत यांचा आवाज यायचा. आणि तोच आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज बोलायचा सराव करा, बा-बा, मा-मा म्हणा. हे रागावले. बाळासारखं बोलणार नाही म्हणून मान फिरवून बसले. मग एक दिवस नातीला मांडीवर घेऊन आपल्याच गाडीची गावं म्हणायला लागले. मंगरूळपीर, शेलूबाजार, मालेगाव, शिरपूर, रिसोड. आधी जबडा उघडायचा, मग वाट पाहायची, मग नाव तुकड्यातुकड्यांनी बाहेर यायचं. ती मागून म्हणायची. रिसोड आलं की ही यांचा सदरा दोनदा ओढायची, म्हणजे डबल बेल, आणि गाडी परत मंगरूळपीरला निघायची. संध्याकाळभर ओट्यावर हेच. मी आत भाकरी थापता थापता दोघांचं ऐकायची. कोणाचं कोणतं, ते ओळखू यायचं नाही.

हे गेले तेव्हा ती सहा वर्षांची. तिचं बोलणं अजून तसंच आहे. त्यात अकोल्याला नेण्यासारखं काय आहे, मला समजत नाही.

तब्येत सांभाळावी. या वहिनीवर माया आहे तशीच राहो.

तुमची,
दुर्गा

---

अकोला,
९ डिसेंबर २०१८

चि. दुर्गास,

सप्रेम जयभीम व अ. आ. तुझं पत्र वाचलं आणि त्याच आठवड्यात मला कान तपासायला जायचं होतं, म्हणून उत्तराला उशीर. कानाचं मशीन मिळालं. लावलं की शीळ घालतं आणि शेजारच्या घरातलं भांडं पडलं तरी माझ्या डोक्यात पडतं. दोन दिवस लावलं, मग कपाटात ठेवून दिलं. आता ते शांत आहे आणि मीही.

पण जाण्याचा फायदा झाला. तिथे ज्योत्स्ना म्हणून एक मुलगी आहे, तीच कान पाहते आणि तीच बोलणं सुधारायचं काम करते. मी तिला आपल्या पोरीचं सगळं सांगितलं. तू तिला लहानपणी वेखंड उगाळून मधातून चाटवलं होतंस तेही सांगितलं. हसली, पण वाईट बोलली नाही. म्हणाली, त्यानं आजीचं समाधान होतं.

तिनं कागदावर लिहून समजावलं, कारण मी बहिरी. लहान मूल आधी जबड्यानंच बोलतं. जबडा वरखाली होतो आणि ओठ, जीभ त्याच्यावर बसून जातात. नंतर ओठ आपले आपण चालायला शिकतात. जीभ सगळ्यांत शेवटी. ज्या पोरांना हे लवकर जमत नाही ती जबड्यालाच धरून राहतात, म्हणून शब्द जाड आणि मिसळलेला येतो. आपण म्हणतो, पोर चार वर्षांचं झालं, बोलायला शिकलं, संपलं. ती म्हणते, संपत नाही, सोळा-सतरा वर्षांपर्यंत तोंड शिकतच असतं. पण काहींना मदत लागते, आणि ती लवकर दिलेली बरी.

रवीला सांग, शनिवारी घेऊन ये म्हणावं. माझ्याकडे जेवा, पोरीला दाखवा. तू ये अथवा नको येऊ. तुझ्या गुडघ्यांचं आणि माझ्या कानांचं भांडण लागेल.

माझं बोलणं कडू वाटलं तरी मनात ठेवू नकोस. आशीर्वाद आहेतच.

ललिताबाई

---

जऊळका,
६ जानेवारी २०१९

आदरणीय ललिताबाई यांना,

सविनय जयभीम. वि. वि. रवीला या महिन्यात सुटी नाही. मग परीक्षा येतील. उन्हाळ्यात पाहू असं ठरलं आहे.

तुमच्याशी खोटं लिहावंसं वाटत नाही. रवीला सुटी मिळाली असती. मीच नको म्हटलं. निकिता माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही.

ललिताबाई, घरात यांची वस्तू म्हणावी तर एक चष्मा आणि खाकी शर्ट आहे. शर्टाचा वास केव्हाच गेला. फोटो बोलत नाही. पण ही पोरगी शाळेतून येते, दप्तर टाकते, तोंड उघडून जरा थांबते आणि मग म्हणते, आजी, भूक लागली. त्या थांबण्यात मला हे दिसतात. मी चुलीपाशी पाठमोरी असते तेव्हा तर वळून पाहावंसं वाटत नाही. तुमची ज्योत्स्ना चांगलीच असेल. पण तिनं हे सरळ केलं, तर यांचं या घरात काय राहील?

वाचनालयातून आरोग्याचं एक जाड पुस्तक आणलं आहे. त्यात जिभेचं चित्र आहे. इतके स्नायू असतील असं वाटलं नव्हतं. रोज थोडं वाचते. तेवढ्यानं माझं मन वळलं असं समजू नका.

थंडीत कान झाकून बसत जा. रागावू नये, रागावलात तरी पत्र टाकायचं थांबवू नये.

दुर्गा

---

अकोला,
२० जानेवारी २०१९

चि. दुर्गास,

अ. आ. रागावले आहे, आणि पत्रही टाकत आहे.

लकवा झाल्यावर शेषराव दवाखान्यात होता तेव्हा तू घरी पोरीपाशी होतीस, मी त्याच्या उशाशी. एका दुपारी त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. तेव्हा माझे कान चांगले होते. एक वाक्य बोलायला त्याला किती वेळ लागला, मी सांगत नाही. तो म्हणाला, "बाई, पोरीले माह्यापाशी नको बसू देऊ. ते माह्यासारखी बोलीन."

मी त्याला रागावले. म्हटलं, ती तुझ्यामुळे बोलायला लागेल, आणि तू तिच्यामुळे. त्यानं ऐकलं, नातीला मांडीवर घेतलं, पण भीती त्याच्या मनातून गेली असेल असं मला वाटत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्याच्या ओट्यावरच्या संध्याकाळी तुला गोड वाटत होत्या, त्या तशाच राहू द्याव्या वाटलं.

तुला जे बोलणं जपावंसं वाटतं ते माझ्या भावाचा आजार होता, दुर्गा. ज्या माणसानं जन्मभर लोकांना मोठ्यानं गाव सांगितलं, त्याला त्या तोंडाची लाज वाटत होती. त्याची आठवण म्हणून पोरीला वर्गात मुकी बसवायची का, याचं उत्तर मला नको, तुझं तुला दे.

तुझं भलं चिंतणारी,
ललिताबाई

---

जऊळका,
१२ मे २०१९

आदरणीय ललिताबाई यांना,

सविनय जयभीम. वि. वि. तुमच्या पत्राचं उत्तर पत्रानं दिलं नाही, नातीला पाठवून दिलं. आता चौथा महिना चालू आहे. दर शनिवारी रवी तिला घेऊन येतो, तुमच्याकडे जेवतो आणि परत आल्यावर तुमच्या वांग्याच्या भाजीची तारीफ माझ्यासमोर मुद्दाम करतो.

फरक आहे. शाळेतल्या बाईंनी स्वतः सांगितलं. आता ती शब्दाआधी फार थांबत नाही. काल दाराशी आली आणि एका दमात काहीतरी बोलून गेली. मला वाटलं शेजारची मुलगी आली. वळून पाहिलं तर धम्मदीपा.

बरं झालं. निकिता आनंदात आहे. मीही आहे, फक्त माझ्या आनंदाला थोडा वेळ लागतो.

उन्हाचं बाहेर पडू नका. तुमचा राग मला पुरला, आता माया पाठवत राहा.

दुर्गा

---

जऊळका,
१५ ऑक्टोबर २०२३

आदरणीय ललिताबाई यांना,

सविनय जयभीम. वि. वि. धम्मदीपा या वर्षी उंचीनं निकिताच्या डोक्यावरून गेली. पायांत जुन्या चपला येत नाहीत, फ्रॉक तर केव्हाच सुटले. तोंडही लांबोळकं झालं आहे. यांच्या आईसारखी दिसते असं मला वाटतं, तुम्ही सांगाल.

पण बोलणं पुन्हा बिघडलं. पाच वर्षांपूर्वीइतकं नाही, तरी बोलता बोलता शब्द घसरतो. 'सार्वभौम' म्हणताना अडखळते, 'धर्मनिरपेक्ष' तर एकदा येतो, एकदा नाही. संविधान दिनाला शाळेत उद्देशिका म्हणायची असते, ती गेल्या वर्षी हिनंच म्हटली होती. या वर्षी सरावात दोनदा अडकली. मागून कोणीतरी तिची नक्कल केली. घरी येऊन सांगितलं, मी नाही म्हणणार, दुसरीला द्या. तेव्हापासून वर्गात पुन्हा गप्प. विचारलं तर मान हलवते. निकिता रडली. म्हणाली, सगळं केलेलं वाया गेलं.

आणि ललिताबाई, माझं काय झालं ते लिहिते. परवा ती दारात उभी राहिली, तोंड उघडलं, थांबली. कितीतरी दिवसांनी थांबली. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. पोरगी त्रासात आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि माझ्या पोटात कुठेतरी बरं वाटलं. म्हणजे तुमच्या पत्रानं मला कळलं होतं, वळलं नव्हतं.

म्हणून या वेळी मी वाट पाहिली नाही. दिवाळीच्या सुटीत तिला पूर्ण तुमच्याकडे ठेवून घ्या. मीच तिची पिशवी भरते.

तुमच्या जिवावर हे मागते आहे. नाही म्हणू नये.

दुर्गा

---

अकोला,
१५ नोव्हेंबर २०२३

प्रिय आजीस,

जयभीम. मी मजेत आहे. इथली आजी रोज मला विचारते, दुर्गा काय वाचून राह्यली. मी सांगितलं, जिभेचं पुस्तक तीनदा वाचून झालं, आता मेंदूचं सुरू आहे. ती म्हणाली, बापरे.

ज्योत्स्ना ताई म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही. माझा जबडा वाढला, तोंड मोठं झालं, पण ओठांना आणि जिभेला अजून जुनंच अंतर माहीत आहे. जशी मी उंच झाल्यावर माळ्याच्या दाराला डोकं आपटत होते, तशी माझी जीभ आपटते. त्या मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात आणि मोबाइलमध्ये भरतात. मग आम्ही ऐकतो. त्यांचं प्रत्येक वेळी सारखं येतं, माझं प्रत्येक वेळी थोडं वेगळं. हे वेगळेपण कमी कमी होत जाईल म्हणाल्या, पण अजून दोन-तीन वर्षं लागतील. कधी कधी दाढांमध्ये लाकडी काडी धरून बोलायचं असतं, म्हणजे जबडा हलत नाही आणि ओठांना कामाला लागावं लागतं. लाळ गळते. इथली आजी हसते. मी तिला म्हटलं, तू कानात मशीन घाल, मग हस. तर तिनं खरंच कपाटातून काढून घातलं.

मी ताईंना विचारलं, आजोबांचं ऐकून ऐकून मी अशी झाले का. त्या म्हणाल्या, मूल आपल्या माणसांचे शब्द उचलतं, लकवा उचलत नाही. हे तुला सांगायचं होतं. तू माझ्याकडे कधी कधी बघतेस ना, मला कळतं.

आईला सांग, निळा ड्रेस पाठव.

तुझी नात,
धम्मदीपा

---

अकोला,
२४ नोव्हेंबर २०२३

चि. दुर्गास,

सप्रेम जयभीम व अ. आ. पोरीला काल रवीच्या हवाली केलं. घर सुनं झालं. मशीन कानात असल्यामुळे सुनेपणही मोठ्यानं ऐकू येतं.

आता नीट बसून वाच. मला हे आधी लिहिता आलं नसतं, कारण मी या पोरीचं बोलणं धड ऐकलंच नव्हतं. मोठी झाल्यापासून मला ती म्हणजे तुझी पत्रं. दर शनिवारी यायची तेव्हाही मी फक्त तिचे ओठ पाहायची. या वेळी मशीन लावलं आणि पहिल्यांदा ऐकलं.

पहिले दोन दिवस काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती परसात मांजरीला रागावत होती. एकदम सरळ, भराभर, एकही शब्द पडला नाही. मी हाक मारून विचारलं, काय झालं गं. तर वळली आणि मला उत्तर देताना अडकली, जबडा पुढे आला, शब्द जाड झाले. माझ्या हातातला तांब्या खाली ठेवला मी. दुर्गा, हे मी ऐकलेलं आहे. दवाखान्यातलं नाही. त्याच्या कितीतरी आधीचं.

आई-बाबा दिवसभर दुसऱ्याच्या वावरात. शेष्या माझ्या कडेवर वाढला. तो नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत लोकांना त्याचं बोलणं कळत नव्हतं. मीच सांगायची, तो असं म्हणतो, तो तसं म्हणतो. बकऱ्या हाकताना शिव्या अशा सुरेख द्यायचा की ऐकत राहावं, आणि मास्तरांनी नाव विचारलं की जबडा पुढे, तोंड उघडं, शब्द नाही. वंदनेच्या वेळी पोरं त्याची नक्कल करायची. मधे एकदा सुधारलं, मिसरूड फुटायच्या वेळी पुन्हा घसरलं. मग सोळा-सतराच्या सुमाराला केव्हातरी मिटलं. कोणी औषध दिलं नाही, कोणाला कळलंही नाही. पुढे एसटीत लागला, तेव्हा गावातले म्हातारे म्हणाले, हा काय गावांची नावं सांगणार. त्यानं सांगितली. तू लग्न होऊन आलीस तेव्हा त्याचा आवाज फाट्यापर्यंत जात होता. हे सगळं मागे पडलं होतं, आणि तुला सांगायचं त्यालाही कधी सुचलं नसेल. माझ्या तर डोक्यातूनच गेलं होतं.

मी ज्योत्स्नाला विचारलं. ती म्हणाली, घराण्यात असं येऊ शकतं, खात्रीनं सांगता येत नाही. मला खात्रीची गरज नाही. मी त्याला कडेवर घेतलं होतं.

मी तुला तेव्हा लिहिलं होतं की तू माझ्या भावाचा आजार जपतेस. ते चूक होतं. इतकी वर्षं तू ऐकत होतीस तो आजारी म्हातारा नव्हता. तो तू कधीच न पाहिलेला पोरगा होता.

आशीर्वाद.

ललिताबाई

---

जऊळका,
७ डिसेंबर २०२५

आदरणीय ललिताबाई यांना,

सविनय जयभीम. वि. वि. तुमच्या त्या पत्राला दोन वर्षं झाली. मधे पत्रं झाली आपली, तिकडची इकडची खबर झाली, पण त्याचं उत्तर मी दिलं नाही. लिहायला बसायची आणि तुमचंच पत्र पुन्हा वाचायची. आज देते.

लग्नात यांना पाहिलं तेव्हा हे बोलण्यात इतके तयार होते, की मीच घाबरले होते. माझ्या आईला वाटलं, मुलगा फार बोलका आहे, कसं होणार. नऊ वर्षांचा, मास्तरांपुढे तोंड उघडून उभा राहिलेला मुलगा मला कोणीच दाखवला नव्हता. तुम्ही दाखवला. तेव्हापासून धम्मदीपा थांबली की मी वाट पाहत नाही बसत, तिला घाई करू नको म्हणते. आधी मी कोणीतरी परत यावं म्हणून ऐकत होते. आता कोणीतरी पुढे जातंय म्हणून ऐकते. त्यात दुःख कमी झालं असं नाही. यांची जागा तिथेच आहे. फक्त मी त्या जागेवर पोरीला बसवणं सोडलं.

ती आता दहावीत आहे. ज्योत्स्नाचं म्हणणं आणखी वर्षभर थोडं इकडेतिकडे होईल, पण मला तरी काही जाणवत नाही. गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती. आपल्या वस्तीत नळ दुपारी सोडतात, त्या वेळी बायका वावरात आणि पोरी शाळेत. दरवर्षी कोणीतरी उठतं, बोलतं आणि बसतं. या वेळी धम्मदीपा उठली. मी बायकांत मागे बसले होते, निकिता माझा हात धरून. पोरगी बोलत गेली. कुठे अडकली नाही असं नाही, एकदा अडकली. तोंड मिटलं, श्वास घेतला, पुन्हा तोच शब्द घेतला आणि पुढे गेली. सगळं झाल्यावर सरपंच म्हणाले, वेळ बदलून पाहू. कोणीही, काय म्हणालीस गं, असं विचारलं नाही.

विचारलं असतं तर मीच विचारलं असतं. ललिताबाई, तिचं अर्धं बोलणं मलाच कळलं नाही, इतकी भराभर बोलत होती. तिसरीत असताना जगाला कळायचं नाही, मला कळायचं. आता उलटं झालं.

घरी येताना तिच्या ते लक्षात आलं. ओट्यावर बसवलं मला आणि म्हणाली, "आजी, तुले काहीच समजलं नाही ना? थांब, सावकाश सांगतो." आणि माझ्यासाठी एकेक शब्द तोडून, थांबून थांबून बोलायला लागली. दोन वाक्यं ऐकली मी. मग तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, नको बाई, तुझ्या चालीनंच बोल. कळेल तेवढं कळेल, बाकीचं मी मागून येऊन गाठीन.

मशीन कानातून काढून ठेवू नका. सुटीत ती तिकडे येते आहे, पुष्कळ बोलणार आहे. ऐकायला तुम्ही असा, एवढंच मागणं.

तुमची वहिनी,
दुर्गा